पाऊस तेवढाच, मग पाणी घरात कसं? दगडखाण आणि पुराचा हिशोब

पूर ओसरला की गावात दोन वाक्यं ऐकू येतात. गावकरी म्हणतात, "खाणीमुळे पूर आला." पाहणीला आलेले साहेब म्हणतात, "पाऊसच एवढा झाला, त्याला कोण काय करणार?" दोघंही आपापल्या वाक्याला धरून बसतात. पंचनामे होतात, दिवाळी येते, खाणीवरचा दगड फोडणारा क्रशर पुन्हा धडधडायला लागतो आणि पुढच्या जुलैत तीच वाक्यं नव्याने म्हटली जातात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गावकऱ्यांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं, पण नेम चुकीच्या जागी धरलेला असतो. खाण पाणी वाढवते, असं ते सांगत राहतात. ती थोडंफार वाढवतेही, पण तिचा खरा उद्योग वेगळाच आहे. पाण्याला जायला जी जागा लागते ती खाण खाऊन टाकते. हे एकदा नीट समजलं की साहेबांना विचारायचे प्रश्न बदलतात, मागायचे कागद बदलतात, आंदोलनाचा महिनासुद्धा बदलतो.

खाणीपाशी बोलले जाणारे दोन-चार शब्द माहीत असलेले बरे. काळा दगड, मुरूम, जांभा, वाळू हे सगळं कायद्याच्या भाषेत गौण खनिज. नावात गौण असलं तरी डोंगराच्या दृष्टीने त्यात गौण काही नाही. सुरुंग लावून फोडलेला मोठा दगड म्हणजे डबर. तो क्रशरमध्ये जातो आणि खडी, ग्रीट, कच होऊन बाहेर पडतो. मोजमाप ब्रासमध्ये: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. दगडापर्यंत पोचण्यासाठी वरची माती, मुरूम आणि सडका खडक आधी काढून बाजूला टाकावा लागतो. त्या ढिगाला खाणवाले 'ओव्हरबर्डन' म्हणतात, गावात नुसतं 'माती टाकलीय' म्हणतात. या लेखातला खलनायक कोणी असेल तर तो हा ढीग. दगड नव्हे.

पाणी किती वाढतं?

एक साधा आकडा पाठ करून ठेवा. १ हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होतं. १० हजार लिटरचे १०० टँकर.

आता समजा, गावाच्या वर डोंगरात ५ हेक्टरची खाण आहे आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला. सह्याद्रीच्या माथ्यावर यात नवल नाही. खाणीवर पडलेलं पाणी झालं २,५०० घनमीटर. तिथे पूर्वी झाडी होती, पालापाचोळा होता, भुसभुशीत माती होती. तेव्हा त्यातलं समजा ३० टक्के पाणी लगेच वाहून गेलं असतं, म्हणजे ७५० घनमीटर. आता कातळ उघडा आहे, तर ८० टक्के वाहील, म्हणजे २,००० घनमीटर. वाढ झाली १,२५० घनमीटरची. ऐकायला मोठी वाटते.

पण गावातून जाणाऱ्या नाल्याला नुसतं खाणीचं पाणी येत नाही. त्याचं पाणलोट क्षेत्र समजा २०० हेक्टर आहे. त्याच तासात त्या सगळ्या क्षेत्रावर १ लाख घनमीटर पाणी पडलं आणि ३० टक्क्यांच्या हिशोबाने ३० हजार घनमीटर नाल्यात आलं. त्यात आपले १,२५० मिळवा. वाढ जेमतेम ४ टक्के.

ही टक्केवारी समजुतीपुरती आहे, प्रत्येक डोंगराची वेगळी असते. पण खरं सांगायचं तर मुसळधार पावसाच्या आठव्या-दहाव्या दिवशी फरक याहूनही कमी पडतो. जंगलाची माती तोवर तुडुंब भिजलेली असते, तीही येईल ते पाणी सोडून देते. स्पंज ओला झाला की तो स्पंज राहत नाही.

साहेब जिंकतात ते इथेच. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा आकडा टेबलावर ठेवून कोणी विचारलं, "याच्यापुढे तुमच्या ५ हेक्टरचं काय?" तर गावाकडे उत्तर नसतं. कारण प्रश्न पावसाचा आहे असं आपणच मान्य करून बसलेलो असतो.

जागा किती कमी होते?

आता तोच नाला घ्या. ४ मीटर रुंद, २ मीटर खोल, काठ उभे. भरून वाहताना पाण्याला ८ चौरस मीटरचा दरवाजा मिळतो. तळाला अर्धा मीटर गाळ बसला की दरवाजा ६ चौरस मीटरचा झाला. चौथा हिस्सा गेला.

नाल्याची वाहून नेण्याची ताकद मात्र चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घटते. पाणी तळाला आणि काठांना घासत जातं. नाला उथळ झाला की तेवढ्याच पाण्यामागे घासणं वाढतं आणि वेगही मंदावतो. अभियंते यासाठी मॅनिंगचं सूत्र वापरतात. त्यात हे आकडे घातले तर नाल्याची क्षमता जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झालेली दिसते. गाळाबरोबर गोटे आणि झुडपं आली, तर आणखी.

म्हणजे एका बाजूला पाण्यात ४ टक्के वाढ आणि दुसऱ्या बाजूला वाटेत ३३ टक्के घट. पूर्वी जो पाऊस काठाला हात लावून निघून जायचा, तोच आता चुलीपर्यंत येतो.

आणि एवढा गाळ यायला खाणीने फार काही करावं लागत नाही. १ किलोमीटर लांबीच्या त्या नाल्यात अर्धा मीटर गाळ म्हणजे २,००० घनमीटर, सातशे ब्रास. वर ५ हेक्टरवरची सरासरी १ मीटर माती काढून ढीग घातला असेल तर तो ५० हजार घनमीटरचा. त्यातल्या दर १०० घमेल्यांमागे फक्त ४ घमेली नाल्यात घरंगळली की काम तमाम. उतारावर मोकळी टाकलेली माती कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या एका पावसाळ्यात ४ टक्क्यांवर थांबेल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

गाळ बसतो कुठे, हेही बघण्यासारखं आहे. डोंगरातून उड्या मारत येणारं पाणी माती, कच, खडे सगळं घेऊन येतं. जिथे उतार संपतो तिथे त्याचा वेग पडतो आणि ओझं तिथेच टाकलं जातं. आपली गावं पिढ्यान्‌पिढ्या नेमकी तिथेच वसलेली, कारण तिथे सपाटी असते, विहिरीला पाणी लागतं, भाताची खाचरं होतात. त्यामुळे खाणीच्या लगत नाला स्वच्छ दिसतो आणि दोन किलोमीटर खाली वाडीपाशी तो भरलेला असतो. पाहणीला आलेली गाडी खाणीपाशी थांबून परत जाते तेव्हा तिला काहीच सापडत नाही, ते यामुळे.

रस्त्याखालच्या मोऱ्यांची कथा आणखी वाईट. गोल पाइपाची मोरी अर्धी बुजली की तिची ताकद निम्म्याहून खाली येते, वर एखादा ओंडका अडकला की रस्ताच बांध होतो. मोरीच्या वरच्या बाजूची घरं बुडतात, खालची कोरडी राहतात आणि मग गावातल्या गावात भांडण लागतं ते वेगळंच.

गाळाचा हा हिशोब चिपळूणकरांना कोणी समजावून सांगायला नको. २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर गेल्यावर त्यांनी डिसेंबरात साखळी उपोषण केलं, ते नदीतला गाळ काढावा म्हणून. तिथला गाळ काही एका खाणीचा नाही. डोंगरकटाई, रस्त्यांची कामं, जंगलतोड, सगळ्यांचा त्यात वाटा. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही उतरतं, त्यामुळे तो विषय अधिकच गुंतागुंतीचा. पण लोकांनी बोट ठेवलं ते बरोबर जागी ठेवलं. आकाशाकडे न दाखवता नदीच्या तळाकडे दाखवलं.

"आमचा खड्डा तर पाणी अडवतो"

हा युक्तिवाद खाणवाल्यांकडून हमखास येतो आणि तो अगदीच खोटा नाही. रिकामा खड्डा पहिल्या पावसाचं पाणी खरंच पोटात घेतो. मे अखेरीस कोरडी असलेली खाण जूनच्या सरी मुकाट्याने पिते.

जुलैच्या मध्याला मात्र खड्डा भरलेला असतो. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर काम चालू ठेवायचं म्हणून पंप लावून पाणी बाहेर सोडतात, म्हणजे नाला आधीच भरून चाललेला असताना त्यात भर. नाहीतर पाणी तसंच साचू देतात आणि ते कशाच्या भरवशावर उभं असतं? उताराच्या बाजूला राखलेल्या मातीच्या कडेच्या. धरणाला सांडवा असतो, भिंतीचा आराखडा असतो, पावसाळ्याआधी तपासणी असते. खाणीच्या कडेला यातलं काही नसतं, कारण ती धरण म्हणून बांधलेलीच नसते.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याने हे २०२१ च्या जुलै अखेरीस पाहिलं. तिथली खाण लोहखनिजाची, म्हणजे आपल्या दगडखाणीपेक्षा वेगळ्या जातीची. पण खड्ड्यात तुंबलेलं पाणी कडा फोडून खाली आलं आणि चिखलासकट बागायतीत, घरांत घुसलं, ही गोष्ट कुठल्याही खड्ड्याला लागू पडते. कळण्याच्या लोकांनी खाणीला विरोध सुरू केला होता तो त्याच्या किती तरी वर्षं आधी.

सुरुंग, हादरे आणि डोंगराचा पाय

घराच्या भिंतीला तडा गेला की पहिला संशय सुरुंगावर. इथे कायदा बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाने हादऱ्याची मर्यादा घालून दिली आहे: गावातल्या साध्या घरांसाठी, हादऱ्याची कंपनसंख्या कमी असेल तेव्हा, जमीन थरथरण्याचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर. हे मोजणारं यंत्र असतं, त्याची मागणी करता येते. स्फोटाच्या वेळी ५०० मीटरपर्यंतचा परिसर धोक्याचा मानतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरुंग लावणाऱ्या खाणी आणि वस्ती यांच्यात निदान २०० मीटर अंतर सुचवलं आहे, सुरुंग नसेल तिथे १००.

पुराच्या आणि दरडीच्या संदर्भात मात्र मला सुरुंगापेक्षा पोकलेनची जास्त भीती वाटते. हादरा अंतराबरोबर झपाट्याने विरतो. डोंगराचा पाय कापला तर तो कापलेलाच राहतो. उतार उभा असतो तो खालच्या मातीच्या आधारावर; तिथूनच मुरूम काढला की वरचा भार अधांतरी. वर बारीक भेगा पडतात, पावसाचं पाणी त्यांतून आत शिरतं, मातीचा थर आणि कातळ यांच्या सांध्यात साठतं आणि आतून दाब देऊ लागतं. तळिये (जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (जुलै २०२३) इथे डोंगर खाली आला त्या दिवसांत प्रचंड पाऊस होता. तसा पाऊस पाय कापलेल्या उतारावर पडला तर काय, हा प्रश्न खाणीच्या परवान्याआधी विचारायचा असतो.

खाणीत पायऱ्या पाडून खोदायचं असतं, त्यांना बेंच म्हणतात. ताशीव उभी भिंत दिसली, पायऱ्या नाहीत, तर समजावं की खाणकाम आराखडा फायलीत आहे आणि काम मनाने चाललंय. हे बघायला अभियंता लागत नाही. समोरच्या टेकडीवरून काढलेला एक फोटो पुरतो.

कागदांचं जंगल, पण वाट आहे

केंद्राच्या १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याने गौण खनिजांचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम आहेत. बेकायदा उत्खनन किंवा वाहतूक झाली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ लागू होतं. दंड बाजारभावाच्या ५ पटींपर्यंत जाऊ शकतो, गाडी जप्त होते. ही सगळी ताकद दगड मोजण्यात खर्च होते, हे लक्षात घ्या. किती ब्रास काढले, रॉयल्टी किती बुडाली. नाल्यात किती ब्रास गाळ सोडला, याचा हिशोब तलाठ्याच्या दप्तरात कुठेच नसतो.

तो सापडतो पर्यावरण मंजुरीत. पूर्वी ५ हेक्टरपेक्षा लहान खाणींना ती लागत नसे, म्हणून मोठ्या खाणीचे लहान तुकडे करून परवाने घेतले जात. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. लहान खाणीलाही मंजुरी हवी. पुढे २०१६ मध्ये 'क्लस्टर'ची व्याख्या आली: एकाच खनिजाच्या दोन खाणींच्या हद्दींत ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्यांचं क्षेत्र एकत्र धरायचं. गावासाठी हा नियम सोन्यासारखा आहे. एकाच डोंगराला ४-४ हेक्टरच्या तीन खाणी चिकटल्या असतील तर त्या १२ हेक्टर म्हणून मोजायला हव्यात, आणि मग पर्यावरणीय अभ्यास आणि जनसुनावणीचा प्रश्न उभा राहतो.

मंजुरीच्या पत्रात अटी असतात. सुपीक माती वेगळी साठवणे, ढिगाला पायथ्याशी भिंत घालणे, खाणीभोवती चर खणून पावसाचं पाणी वळवणे, ते पाणी नाल्यात सोडण्याआधी टाकीत थांबवून गाळ खाली बसू देणे, झाडांचा पट्टा लावणे. अटी वाचून कोणालाही वाटेल की खाण म्हणजे तपोवन. या अटींचं काय झालं, याचा अहवाल मालकाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो अहवाल मिळवा, खाणीपाशी उभे राहा आणि ओळीने वाचा. 'गाळ टाकी बांधली आहे' असं लिहिलेलं असेल तर टाकी कुठे आहे ते शोधा. मला वाटतं, गावाच्या हातात याहून धारदार हत्यार नाही. "खाण बंद करा" या मागणीवर समिती नेमली जाते. "अट क्रमांक अमुक, टाकी दाखवा" या प्रश्नावर टाकी तरी दाखवावी लागते किंवा मान खाली घालावी लागते.

कागद मिळवायचे कसे? माहितीचा अधिकार, २००५: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. त्यात एक तरतूद फार कमी लोक वापरतात. नुसत्या प्रती नव्हे, फायलींची आणि कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा, प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही त्यात आहे. अर्जात मागायचं ते नेमकं: खाणपट्ट्याचा आदेश आणि हद्दीचा नकाशा, खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र, सहामाही अहवाल, ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या मोजणी यंत्राने केलेली उत्खननाची मोजणी. 'खाणीची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज केला तर 'माहिती संदिग्ध आहे' असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो.

जनसुनावणी लागू होत असेल तर तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, एक स्थानिक भाषेतलं हवं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, आणि सगळं चित्रित होतं. तिथे घोषणा दिल्या तर इतिवृत्तात 'ग्रामस्थांनी विरोध दर्शवला' एवढी एक ओळ जाते. नाल्याची रुंदी, मोऱ्यांची संख्या, कुठल्या साली पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीला लागलं, हे बोललं तर तेही लिहून घ्यावं लागतं आणि पुढे उत्तर द्यावं लागतं. लेखी द्या, पोच घ्या.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल गैरसमज खूप आहेत. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा लागू असलेल्या आदिवासी गावांत, १९९६ च्या कायद्यानुसार गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. बाकी गावांत ठरावाला असा थेट नकाराधिकार नाही. पण पुढे न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर तारखेनिशी केलेला ठराव फार कामाला येतो.

न्यायाधिकरण म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, २०१० च्या कायद्याने झालेलं. आपल्याकडचं पीठ पुण्यात. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर ३० दिवसांत, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. ही मुदत उलटून गेल्यावर जागी झालेली गावं मोजायला बसलो तर हाताची बोटं पुरणार नाहीत. नुकसानभरपाईसाठी मात्र ५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो.

पश्चिम घाटाचं काय, असा प्रश्न यावर नेहमी येतो. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील (इको-सेन्सिटिव्ह) क्षेत्रात खाणी नकोत यावर दोन्हींचा रोख होता. क्षेत्र किती धरायचं यावर वाद. मार्च २०१४ पासून केंद्र सरकार हे क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे मसुदेच काढत आलं. वायनाडची दरड कोसळली ३० जुलै २०२४ ला, आणि ३१ जुलैच्या तारखेने जे आलं तोही मसुदाच. त्यामुळे 'आमचं गाव इको-सेन्सिटिव्हमध्ये आहे' एवढ्यावर विसंबून राहू नये.

दोन बाटल्या

पुराव्याचा एक घरगुती प्रयोग सांगतो. पहिल्या मोठ्या पावसात, एकाच वेळी, नाल्याचं पाणी दोन ठिकाणी भरून घ्या: एक खाणीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. सारख्याच पारदर्शक बाटल्या. चिठ्ठीवर तारीख, वेळ, जागा. रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजा आणि शेजारी वर्तमानपत्र ठेवून फोटो काढा. हा प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, न्यायाधिकरण तो तसाच मान्य करेल असंही नाही. पण प्रदूषण मंडळाने येऊन रीतसर नमुने घ्यावेत, ही मागणी त्याच्या जोरावर करता येते. वरच्या बाटलीतही तेवढाच गाळ निघाला तर? तर गाळ दुसरीकडून येतोय, आणि तेही आपल्याला आधी कळलेलं बरं.

बाकीचं काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते कोणी करत नाही. पुलाच्या खांबावर रंगाने फुटांच्या खुणा करणं, मे महिन्यात नाल्याची रुंदी-खोली ठरावीक दहा ठिकाणी टेपने मोजून वहीत लिहिणं, पुढच्या मेमध्ये पुन्हा त्याच जागी मोजणं. महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राची पावसाची नोंद त्याला जोडली की चित्र बोलायला लागतं: २०० मिलिमीटरला अमुक साली पाणी इथवर आलं, तीन वर्षांनी १४० मिलिमीटरलाच तिथवर. "पाऊसच एवढा झाला" याला वही हेच उत्तर आहे. उपग्रहाची जुनी छायाचित्रं गूगल अर्थवर फुकट बघता येतात, खाण हद्दीबाहेर कधी सरकली तेही त्यात दिसतं.

आणि मोजताना स्वतःच्या गावालाही मोजावं लागेल. नाल्यात घुसवलेला गोठा, ग्रामपंचायतीने पैसे वाचवायला घातलेला अरुंद पाइप, काठावर टाकलेला घर पाडल्याचा राडारोडा, बांध कोरून दोन गुंठे वाढवलेलं शेत. खाणवाल्याचा वकील हे सगळं शोधून ठेवतोच. आपण आधी कबूल करून दुरुस्त केलं तर त्याच्या हातातला दगड जातो.

गाव एकमुखी नसतं, हेही धरून चालावं. डंपर गावातल्याच पोरांचे असतात, हप्ते चालू असतात. कोणाच्या जमिनीचं भाडं येतं, कोणाच्या वहिनी क्रशरवर कामाला. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित भागासाठीच असतो, त्यातून शाळेची भिंत झालेली असते. आणि आपल्या दारातला रस्ता कुठल्या तरी डोंगराच्या खडीचाच आहे. म्हणून 'सगळ्या खाणी बंद' ही मागणी बहुतेक गावांना पेलत नाही, पहिल्या बैठकीतच फूट पडते. 'ढीग नाल्यापासून हलवा, भिंत घाला, टाकी बांधा, ३१ मेच्या आत' या मागणीला डंपरवाला पोरगाही हात वर करतो, कारण पाणी त्याच्याही घरात शिरलेलं असतं.

तारीख मे ची, हे महत्त्वाचं. आपली आंदोलनं ऑगस्टमध्ये होतात, राग ताजा असतो तेव्हा. पण ऑगस्टमध्ये भिजलेला ढीग कोणालाच हलवता येत नाही, तिथे पोकलेनही रुतते. हलवायचा तो एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पूर कोणाच्या डोक्यातही नसतो आणि लग्नसराईमुळे बैठकीला माणसं मिळत नाहीत.

एवढं करूनही पूर येऊ शकतो. आलाच, तर पाणी उतरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतील. घर किती पडलं, भात किती गेलं, ते लिहितील. शेतावरचा गाळ काढण्यासाठीही मदत असते: आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत ३ इंचांपेक्षा जास्त गाळ बसलेल्या जमिनीला हेक्टरी १८ हजार रुपये धरलेले होते. त्यामुळे गाळाची जाडी मोजावीच लागते. ती मोजली जात असताना सोबत उभे राहा, आणि त्या ओळीपुढे आणखी थोडं लिहून घ्या: गाळाचा रंग कोणता, त्यात लाल माती आहे की क्रशरचा राखाडी कच, आणि तो कुठल्या नाल्यातून आला. सही करण्याआधी वाचून बघा, ते लिहिलंय का.